नळवाल्याचें वय आणि आमची प्रतिष्ठा

पांढरपेशा कुटुंबांत एक प्रश्न अलीकडे वरचेवर ऐकूं येतो, व त्याचें उत्तरहि प्रश्नाबरोबरच तयार असतें. पदवी घेऊन, दहाबारा वर्षें एखाद्या कचेरींत खर्डेघाशी करून, तिशी उलटल्यावर कोणी गृहस्थ औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत नांव घालतो आणि नळकामाचा धंदा शिकूं लागतो, तेव्हां "याला झालें तरी काय?" असा प्रश्न निघतो, आणि "नोकरी गेली असेल", "डोकें फिरलें असेल", किंवा "शिक्षण फुकट गेलें" यांपैकीं एक उत्तर लगोलग दिलें जातें. ज्याच्याविषयीं हें बोलणें चालतें तो बहुधा तेथें हजर नसतो. बोलणारांच्या स्वयंपाकघरांतला नळ मात्र त्याच वेळीं टपटपत असतो. या तिन्ही उत्तरांत जो अविचार भरलेला आहे त्याचा थोडा झाडा घ्यावा, एवढ्यासाठींच हा लेख आहे. मी पेशानें इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. पान्हा हातीं धरण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु ज्या वर्गाचा हा अविचार आहे त्या वर्गांतच माझीं पन्नासांहून अधिक वर्षें गेलीं असल्यामुळें त्याच्या समजुतींविषयीं बोलण्याचा अधिकार मला खास आहे.

प्रथम वयाचा आक्षेप घेऊं, कारण तो सर्वांत शहाजोग दिसतो. चौतिसाव्या वर्षीं कसला धंदा शिकणार? पिकल्या बांबूला वांक येत नाहीं. ठीक आहे. परंतु हेंच कुटुंब आपल्या मुलाला पुण्यास सदाशिव पेठेंत कॉट-बेसिसवर खोली घेऊन देतें, अभ्यासिकेची फी भरतें, आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस तो तीनदां, चारदां, पांचदां बसला तरी "अजून वय आहे" म्हणून त्यास धीर देतें. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें सरकारी नोकरींतील प्रवेशासाठीं खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली, तेव्हां या घरांतून पेढेच वाटावयाचे राहिले होते. एवंच, नायब तहसीलदार होण्यास अडतिसाव्या वर्षींहि बांबू हिरवा असतो, आणि नळ जोडण्यास मात्र तो चौतिसाव्या वर्षींच पिकलेला असतो! हें कोणतें वनस्पतिशास्त्र तें मला कोणीं समजावून द्यावें.

शिवाय ज्या संस्थेंत हा गृहस्थ जातो तिचें मूळच प्रौढांच्या शिक्षणांत आहे, ही गोष्ट आमच्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? दुसरें महायुद्ध संपत आलें तेव्हां, १९४५ च्या जुलै महिन्यांत, हिंदुस्थान सरकारनें पुनर्वसन व रोजगार यांचें एक स्वतंत्र खातें उघडलें. फौजेंतून मोकळे झालेले शिपाई आणि युद्धसाहित्याच्या कारखान्यांतून कमी केलेले कामगार यांना नवा धंदा देणें हें त्याचें काम. हे कांहीं सोळा वर्षांचे पोर नव्हते; बायकामुलांचे धनी होते. पुढें फाळणीनंतर निर्वासितांची सोय याच खात्याकडे आली, आणि १९५० सालीं त्यांतूनच कारागीर प्रशिक्षणाची कायमची योजना उभी राहिली, जिचीं केंद्रें आज आय.टी.आय. या नांवानें तालुक्यातालुक्यांत दिसतात. आजहि तेथें प्रवेशाला चौदा वर्षांची खालची मर्यादा आहे. वरची मर्यादा नाहीं. "दहावींत गटांगळ्या खाल्लेल्या मुलांची जागा" ही त्या संस्थेची व्याख्या कोणत्याहि सरकारी कागदांत नाहीं. ती आम्हीं केलेली आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचें नांव सांगत नाहीं. त्याच्या सासरच्या मंडळींना तें रुचणार नाहीं. बी. ए. झाला, आणि एका खासगी कचेरींत अकरा वर्षें येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांवर शेरे मारीत बसला. तें काम हळूहळू यंत्राकडे जात आहे हें त्याला आपल्या वरिष्ठांच्या आधीं कळलें. चौतिसाव्या वर्षीं त्यानें राजीनामा दिला व नळकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केला. वर्गांतलीं सतरा-अठरा वर्षांचीं मुलें त्याला "काका" म्हणत. परंतु प्रमाणपत्र हातीं आल्यावर त्याला जें कळलें तें या लेखाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे: वर्षभरांत त्याला हत्यारांचीं नांवें आणि सांध्यांचे प्रकार कळले होते, नळकाम आलें नव्हतें. मग तो एका उडिया मिस्त्रीच्या हाताखालीं मदतनीस म्हणून राहिला. (मुंबई-पुण्यांत, किंबहुना हिंदुस्थानांतल्या कोणत्याहि मोठ्या शहरांत, चांगला प्लंबर शोधूं गेल्यास तो ओडिशांतल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा, बहुधा पट्टामुंडईकडचा, निघतो, तिकडे हा धंदा दोन-तीन पिढ्यांचा झालेला आहे.) दोन वर्षें त्यानें मिस्त्रीची पिशवी वाहिली. भिंतींत गळती कोठें आहे हें ओळखण्यासाठीं मिस्त्री रात्रीं सारी इमारत निजल्यावर पेचकसाचें टोंक नळाला लावी व मूठ कानाशीं धरून उभा राही; आणि मग एकच फरशी उचलावयास सांगे. हें कोणत्याहि पुस्तकांत नव्हतें. या काळांत घर चाललें तें त्याच्या पत्नीच्या शाळेंतल्या पगारावर, आणि तेंहि ओढाताणीनें.

आज त्याच्यापाशीं महानगरपालिकेचा परवाना आहे, हाताखालीं दोन माणसें आहेत, आणि आठ-दहा गृहनिर्माण संस्थांचें काम कायमचें त्याच्याकडे आहे. तें त्याच्याकडे कां टिकलें, हें मीं एकदां एका संस्थेच्या चिटणिसांना विचारलें. ते म्हणाले, "हा मनुष्य लिहून देतो." प्रत्येक इमारतीचा कोणता व्हॉल्व्ह कोणत्या मजल्याचें पाणी बंद करतो, कोणता नळ कोणत्या सालीं बदलला, कोठें जुना लोखंडी आहे आणि कोठें नवा प्लास्टिकचा, याची त्यानें वही ठेविली आहे, अंदाजपत्रक तो स्पष्ट मराठींत देतो, आणि खर्च कां वाढला तें समजावून सांगतो. तेव्हां "शिक्षण फुकट गेलें" असें म्हणणारांनीं प्रथम ही वही पाहावी. माझ्या वर्गांत शिकलेला एखादा विद्यार्थी चार ओळी नीट, दुसऱ्याला समजतील अशा, लिहूं लागला तर मी माझें शिक्षण सार्थकीं लागलें असें समजतों. ती वही कचेरींत असावी किंवा हत्यारांच्या पिशवींत असावी याविषयीं विद्यापीठाचा कांहीं नियम नाहीं. आणि सासरे? ते पाहुण्यांना सांगतात, "जावई वॉटर सिस्टिम्समध्यें आहेत."

या "वॉटर सिस्टिम्स"च्या मुळाशीं काय आहे तें आतां पाहिलें पाहिजे. "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी" अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या वर्गानें तिच्यांतली कनिष्ठ पायरी पकडली व तीच उत्तम म्हणून मिरविली, ही गोष्ट जुनीच आहे. परंतु त्या म्हणींत कारागिराला पायरीच नाहीं, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्याची सोय गांवगाड्यानें बलुत्यांत करून ठेविली होती: सुतार, लोहार, कुंभार, ज्याचें त्याचें काम जन्माबरोबर ठरलेलें. आतां गंमत अशी कीं, बारा बलुतेदारांत नळवाला नाहीं. तो असणार कोठून? कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत नेणारे पेशवाईंतले नळ, किंवा मलिक अंबराच्या काळची औरंगाबादची नहर, हे राजेरजवाड्यांचे अपवाद होत. घरोघरचा नळ आला तो इंग्रजी अमलांत, मुंबईला विहार तलावाचें पाणी १८६० च्या सुमारास खेळूं लागल्यावर. म्हणजे हा आपल्या समाजांतला एक असा हातधंदा आहे कीं ज्याला बापजाद्यांची जात नाहीं. त्यांत शिरणारा प्रत्येक जण शिकूनच शिरला पाहिजे. जो धंदा जन्मानें कोणाचाच नाहीं तो पस्तिसाव्या वर्षीं येणाऱ्या परक्याला जितका मोकळा असावयास पाहिजे तितका दुसरा क्वचितच असेल.

मग तो आम्हांला हलका कां वाटतो? याचें उत्तर देण्यास लाज वाटते म्हणूनच तें दिलें पाहिजे. नळाचें एक टोंक पिण्याच्या पाण्याकडे आहे व दुसरें मोरीकडे आणि शौचकूपाकडे. पहिल्या टोंकाचा मान आम्ही ठेवूं. परंतु दुसऱ्या टोंकाला हात लावणाऱ्या माणसाकडे आमची नजर कोणत्या जुन्या डोळ्यांनीं पाहते तें निराळें सांगावयास नको. ज्या समाजांत १९२७ सालीं महाडच्या तळ्याचें पाणी ओंजळींत घेणें हें बंड ठरलें, ज्या समाजाला हातानें मैला उचलण्याची चाल बंद करण्यासाठीं एकदां १९९३ सालीं व पुन्हां २०१३ सालीं कायदा करावा लागला, आणि तरीहि ज्याच्या गटारांत उतरून माणसें गुदमरून मरतच आहेत, त्या समाजाच्या मनांत विटाळ हा शब्द मेला आहे असें मानणें भाबडेपणाचें होईल. आतां आमचीं घरें सुधारलीं आहेत; शब्द आम्ही टाकला आहे. त्याच्या जागीं "आपल्याकडे असें कोणी करीत नाहीं" हें वाक्य ठेविलें आहे.

पाण्याच्या दुसऱ्या टोंकाचें शास्त्र हलकें असतें तर एक वेळ ही तुच्छता नुसती उद्धट ठरली असती. तें तसें नाहीं, म्हणून ती धोक्याचीहि आहे. न्हाणीघराच्या कोपऱ्यांत जाळीखालीं जें भांडें बसविलेलें असतें त्याला स्थापत्याच्या पुस्तकांत, इंग्रजी पुस्तकांतसुद्धां, "नहाणी ट्रॅप" म्हणतात. आमच्या घरांतला शब्द तेवढा तेथें सन्मानानें जाऊन बसला आहे. त्या भांड्यांत दोन इंच पाणी नेहमीं उभें राहतें, आणि गटारांतली हवा व आपलें घर यांच्यामध्यें भिंत आहे ती एवढ्या दोन इंच पाण्याचीच. ती भिंत टिकावी म्हणून निराळा हवेचा नळ छपराच्या वर न्यावा लागतो. तो नसेल तर वरच्या मजल्यावरून वेगानें उतरणारें पाणी खालच्या मजल्याच्या भांड्यांतलें पाणी ओढून नेतें. २००३ च्या मार्च महिन्यांत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतींत सार्स रोगानें तीनशेंहून अधिक रहिवासी आजारी पडले व ४२ मेले. चौकशी झाली तेव्हां इतर कारणांबरोबर एक कारण असें दिसून आलें कीं लोक न्हाणीघर धुण्याऐवजीं पुसून घेत, त्यामुळें जमिनींतल्या सापळ्यांतलें पाणी आटून गेलें होतें, आणि एका घरांतला रोग सांडपाण्याच्या नळांतून दुसऱ्या घरांत चढला. त्याआधीं सत्तर वर्षें, १९३३ सालीं, शिकागोच्या विश्वप्रदर्शनासाठीं आलेले प्रवासी दोन हॉटेलांत उतरले; तेथें पिण्याच्या पाण्याचे व सांडपाण्याचे नळ सदोष जोडणीमुळें एकमेकांशीं मिळाले होते. आमांशाच्या त्या सांथींत ९८ माणसें दगावलीं. डॉक्टरनें केलेली चूक एका रोग्याला भोंवते. नळवाल्याची सबंध इमारतीला. तरी आम्ही मुलीसाठीं डॉक्टर शोधतों, आणि नळवाला शोधतों तो मात्र जो स्वस्त पडेल तो.

"पण आम्ही उद्योगाचा मान ठेवतों कीं! किर्लोस्करांचें नांव आम्ही केवढ्या अभिमानानें घेतों!" घेतां खरे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें रेखाटन शिकविणारे मास्तर होते. ती नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान टाकलें, मग लोखंडी नांगर केले, आणि १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. आम्ही पुतळा उभारतों तो किर्लोस्करवाडीच्या संस्थापकाचा. सायकलीला वंगण घालणाऱ्या माजी मास्तराला त्या काळच्या किती पांढरपेशांनीं आपल्या ओसरीवर मानानें बसविलें असेल याचा विचार करावा. कारागीर कारखानदार झाला म्हणजे आम्ही त्याच्या काळ्या हातांचें कौतुक करतों. तो कारागीरच राहिला तर त्याला मागल्या दारानें घेतों व चहा निराळ्या कपांत देतों. उद्योगाचा हा मान नव्हे. पैशाचा आहे, आणि तोहि पैसा पुरेसा जुना झाल्यानंतरचा.

याहूनहि मला राग येतो तो श्रमप्रतिष्ठेवरील व्याख्यानांचा. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाभोंवतीं शिक्षण गुंफण्याची योजना मांडली, तेव्हांपासून हा शब्द आमच्या शाळा-महाविद्यालयांच्या वक्तृत्वस्पर्धांत अढळपद पावला आहे. मी स्वतः कित्येक वर्षें अशा स्पर्धांचा परीक्षक आहें. "श्रमप्रतिष्ठा" या विषयावर पहिलें बक्षीस मिळविणारा मुलगा पुढें प्लंबर झालेला मला आढळला नाहीं. तसा तो व्हावा अशी त्याच्या आईबापांची, शिक्षकांची, किंवा त्या समारंभाच्या अध्यक्षांची इच्छाहि मला कधीं दिसली नाहीं. हीच मंडळी तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या एम. ए., पीएच. डी. झालेल्या तरुणाला "सर" म्हणतात. त्याला सुट्टींत वेतन नसतें व पुढच्या वर्षीं बोलावतील कीं नाहीं याची शाश्वति नसते, पण तो "सर" असतो, आणि लग्नाच्या बाजारांत प्लंबराच्या चार हात पुढें उभा असतो. मी त्या तरुणाची थट्टा करीत नाहीं. तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. त्याची दशा मी रोज पाहतों.

इतकें बोलल्यावर मी नळकामाचें गोडवे गाणाऱ्यांच्या पंक्तींत जाऊन बसेन असें कोणी समजूं नये. त्या पंक्तींतहि लबाडी कमी नाहीं. "तीन महिन्यांत प्लंबर व्हा व हजारों कमवा" अशा जाहिराती करून प्रौढ, नाडलेल्या माणसांची उरलीसुरली शिल्लक काढून घेणारे वर्ग शहरोशहरीं आहेत. सरकारचीहि एक तऱ्हा आहे. २०१५ सालीं निघालेल्या कौशल्य विकास योजनेंत "पूर्वज्ञानाची मान्यता" अशी एक सोय आहे: ज्यानें वर्षानुवर्षें काम केलें पण कागद ज्याच्यापाशीं नाहीं अशा कारागिराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यावें. कल्पना उत्तम आहे. ज्या उडिया मिस्त्रीविषयीं वर लिहिलें त्याला ती फार आधीं मिळावयास पाहिजे होती. परंतु कांहीं तासांचें मार्गदर्शन व एक चांचणी एवढ्यावर मिळणारा कागद ज्याला पूर्वज्ञान आहे त्याच्या हातीं पडला तर ठीक. नसणाऱ्याच्या हातीं पडला तर पुढच्या नहाणी ट्रॅपची गत काय होईल? इंग्लंडांतहि प्रौढ विद्यार्थी महाविद्यालयाचें प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात आणि प्रत्यक्ष कामावर घेणारा उस्ताद मिळत नाहीं म्हणून अडकून पडतात. अडचण सर्वत्र एकच आहे. हा धंदा वर्गांत सुरू होतो, पण पुरा होतो तो दुसऱ्याच्या हाताखालीं, आणि हाताखालच्या त्या दोन-तीन वर्षांत पोट कसें भरावें याचें उत्तर कोणापाशींच नाहीं.

खरा अन्याय येथें आहे. आमच्याकडचा शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. २०१९ सालच्या नियमांनीं उमेदवाराचें किमान विद्यावेतन दरमहा पांच हजारांपासून नऊ हजार रुपयांपर्यंत ठरविलें. आईच्या हातचें जेवून कामावर जाणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला तें कदाचित् पुरेल. घरभाडें, मुलाची फी व म्हाताऱ्या वडिलांचीं औषधें यांचा भार ज्याच्यावर आहे त्या चौतीस वर्षांच्या माणसाला तें पुरेल असें म्हणणारानें तो हिशेब करून दाखवावा. म्हणजे कायदा त्याला दार उघडून देतो आणि उंबऱ्यावर एवढा मोठा खड्डा खणून ठेवतो. माझा विद्यार्थी तो खड्डा ओलांडूं शकला याचें कारण त्याच्या पत्नीला नोकरी होती. ज्यांना तेवढा टेंका नाहीं ते कचेरींतच बसून राहतात, व कचेरी बंद पडली म्हणजे कोणाच्या तरी वस्तु घरोघर पोंचवीत फिरतात. गुडघे, कंबर, पोटमाळ्यावर वांकून केलेलें काम, हीं दुःखें तर निराळींच. चाळिशींतला देह तीं विसरूं देत नाहीं, आणि तीं नाहींत असें सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवूं नये.

यावर कांहीं करतां येण्यासारखें आहे कीं नाहीं? आहे, आणि त्याला मोठी क्रांति नको. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कर्मशाळांत संध्याकाळीं प्रौढांसाठीं दोन वर्षांचा वर्ग चालवितां येईल, म्हणजे नोकरी न सोडतां हात तयार होईल. उमेदवाराचें विद्यावेतन वयाप्रमाणें व आश्रितांप्रमाणें वाढवितां येईल. शिकविणाऱ्या उस्तादालाहि कांहीं द्यावें लागेल, कारण आपलें काम थांबवून दुसऱ्याचा हात धरणें हें त्याला परवडत नाहीं. गृहनिर्माण संस्था दरवर्षीं रंगरंगोटीवर जो खर्च करतात त्याचा लहानसा भाग परवानाधारक माणसाच्या देखभालीवर करूं शकतील. आणि परवाना आहे कीं नाहीं हें विचारण्याचे कष्ट तरी घेतील. २०१९ मध्यें जलजीवन योजना जाहीर झाली त्या वेळीं देशांतल्या सुमारें सव्वातीन कोटी ग्रामीण घरांत नळ होता. २०२४ च्या अखेरीस ती संख्या पंधरा कोटींच्या वर गेली. हे सारे नळ दहा वर्षांनीं गळूं लागतील. ते दुरुस्त करणारीं माणसें आम्ही कोणत्या पिढींतून, कोणत्या वयाचीं व कोणत्या मानानें आणणार आहोंत, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या परिषदांतून विचारला गेलेला माझ्या ऐकण्यांत नाहीं.

असा लेख लिहिणाराला शेवटीं एक प्रश्न हमखास विचारला जातो, व मलाहि तो विचारला जाईल: "प्रोफेसरसाहेब, तुमची मुलगी तुम्ही प्लंबराला द्याल काय?" मुलगी ही देण्याची वस्तु नव्हे, आणि ती मला विचारून लग्न करील असा भ्रम मला नाहीं. तथापि तिनें असा मुलगा घरीं आणला, तर मी त्याला तीन गोष्टी विचारीन: महानगरपालिकेचा परवाना आहे काय, सांडपाण्याच्या नळाला हवेचा नळ तो न चुकतां बसवतो काय, आणि शनिवारीं हाताखालच्या माणसांचे पैसे चुकते करतो काय. पगार किती, हा प्रश्न तिची आई विचारील.